पाऊस मोजला कुठं?

पृथ्वी दीड अंशाच्या वर तापू द्यायची नाही म्हणतात, त्या दीड अंशाचं मला गावात कुणी विचारत नाही. पासष्टचं मात्र पावसाळाभर विचारतात.

"ताई, आपल्या मंडळात किती धरलाय? पासष्ट झाला का?"

सकाळी नऊच्या सुमाराला फोन सुरू होतात, कारण पावसाचा दिवस साडेआठला संपतो. काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ, एवढ्या वेळात महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या महसुली गटातल्या, यंत्रानं ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदवला तर कागदोपत्री अतिवृष्टी, म्हणजे नुकसानीच्या मदतीचा विचार होणार. चौसष्ट नोंदवला तर नुसताच पाऊस. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी दोन्ही दिवशी तेवढंच असतं.

हवामान बदलावर काम करणाऱ्या संस्थांच्या एका नेटवर्कची मी समुदाय समन्वयक आहे. ऑफिस मुंबईत, मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला. कळंब, वाशी आणि भूम तालुक्यांतली काही गावं माझ्याकडे आहेत. नेमणूकपत्रात 'समुदायाचा आवाज धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचवणे' असं काहीतरी भारदस्त लिहिलंय. आईला मी 'पावसाचं काम' एवढंच सांगते. ती पुढं शेजारणीला सांगते, "आमची पोरगी पावसाच्या ऑफिसात हाय," आणि मग शेजारीण मला गाठून विचारते, सोमवारी उघडीप मिळेल का, पापड घालायचेत.

नव्या गावात गेलं की माझ्याबद्दल अंदाज बांधले जातात. विमा कंपनीची असेल. पवनचक्कीवाल्यांची असेल. निवडणूक जवळ असली तर कुठल्यातरी पक्षाची नक्कीच. पहिली बैठक हे सगळं नाकारण्यातच जाते, आणि ते योग्यही आहे. आमच्या भागात वही-पेन घेऊन आलेल्या माणसानं आजवर काय काय लिहून नेलंय, ते लोक विसरलेले नाहीत.

ऑफिसकडून जनजागृतीचे तक्ते येतात. तापलेली पृथ्वी, कार्बनचं चक्र, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. छपाई सुंदर असते. माझ्या खोलीत ते कपाटावर गुंडाळून ठेवलेले आहेत, कारण बचत गटाच्या बैठकीत हवामान बदल सांगायला सुरुवात केली की पाचव्या मिनिटाला बायकाच मला सांगायला लागतात. मृगात पेरायचो ते आता आर्द्रा निघून जाते तरी हात लावता येत नाही. पोळ्याच्या आगेमागे उडीद-मूग काढण्यापुरती उघडीप असायची, ती गेली. ऐन शेंगा भरायच्या वेळी तीन तीन आठवडे ठणठणीत ऊन, आणि काढणीला आलं की धो धो. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण रब्बीच्या ज्वारीसाठी होती. आता स्वातीत पाऊस आला की बाया ताडपत्री घेऊन पळतात, कारण रानात सोयाबीनची बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावलेली असते आणि बुडातल्या शेंगांना मोड यायला दोन दिवस पुरतात.

एका गावातल्या थोरल्या काकू तर पंचांग घेऊनच बसतात. कुठल्या नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की म्हैस की कोल्हा, यावरून पाऊस किती ते त्या सांगणार. मी त्यांना कधी खोडत नाही. त्यांच्या पंचांगाच्या समासात पेन्सिलीनं बारीक खुणा आहेत, पाऊस आला त्या दिवशी फुली, जोरात आला तर दोन फुल्या. ही सवय त्यांच्या सासऱ्यांची. म्हणजे माझ्या नेटवर्कचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी या घरात पावसाची नोंद होत होती. नव्हता तो फक्त आकडा.

आणि आकड्यावाचून तहसीलमध्ये कुणी ऐकत नाही.

एका महसूल मंडळात पंधरा-वीस गावं येतात. 'महावेध' या सरकारी प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, दोन हजारांवर. आधीच्यापेक्षा ही फार मोठी सुधारणा होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आमच्याकडचा पाऊस आता बांध बघून पडतो. रस्त्याच्या अल्याड चिखल, पल्याड फुफाटा. ढग एका शिवारावर उभा राहतो, तासाभरात सगळं ओतून मोकळा होतो आणि मंडळाचं यंत्र आठ-दहा किलोमीटरवर कोरडं उभं असतं. मग त्या गावाच्या नावापुढे ३१ मिलिमीटर येतो. अतिवृष्टीची यादी लागते, यादीत गाव नसतं, आणि गावातला एखादा म्हातारा मला अगदी सरळ विचारतो, "आवं ताई, पण त्यांनी पाऊस मोजला कुठं?"

या प्रश्नाभोवतीच आमचं काम उभं राहिलंय. पावसाची मापं बायकांच्या अंगणात ठेवायची, वह्या घालायच्या आणि रोज लिहायचं. बस्स. यापेक्षा साधा प्रकल्प ऑफिसच्या इतिहासात झाला नसेल. प्रस्तावात त्याला लांबलचक नाव दिलंय, पण गावात त्याचं नाव 'पावसाची बाटली' असंच आहे.

बाटली खरोखरच बाटली होती. दोन लिटरची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, म्हणजे चाडं तयार होतं. बुडाला बाटली गोलमटोल असते, तिथं खडे घालायचे, मग सरळ भाग सुरू होतो तिथंवर पाणी भरायचं. ती शून्याची रेघ. तिथून वर पट्टी चिकटवायची. पुढे थोडे पैसे मंजूर झाले तेव्हा काही घरांत तयार मापं आली, पण काही बायकांनी बाटलीच ठेवली, कारण फुटली तर दुसरी कापता येते.

ठेवायची कुठं यावर मात्र भांडणं झाली. पत्र्याच्या कडेला नको, पागोळ्यांचं पाणी पडतं. लिंबाखाली नको, पानांवरून ठिबकत राहतं. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा, असं मी सांगते. गावातल्या अंगणात एवढी मोकळी जागा असते कुणाकडे? शेवटी बहुतेक मापं उकिरड्याच्या वाटेवर, देवळामागं किंवा शाळेच्या कुंपणाला लागून उभी राहिली, विटांच्या आडोशात. कोंबड्या चढतात. शेळी तोंड घालते. एका घरी नातवानं त्यात चिमणीसाठी पाणी भरून ठेवलं आणि कडक उन्हाळ्यात बावीस मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ती नोंद आम्ही खोडली नाही, समोर 'नातू' असं लिहून ठेवलंय.

वहीत तीन रकाने आहेत. तारीख, मिलिमीटर, आणि तिसरा रकाना 'शेरा'. हा तिसरा रकाना मी सहज आखला होता, आता त्याच्यासाठीच वही वाचावीशी वाटते. एका वहीतलं थोडं देते, शुद्धलेखन मी सावरलंय:

'१८. उडीद काळा पडला.'

'० (अकरावा दिवस). पानं सुकल्यावाणी. सासरे म्हणतात मोटार लावा, लाईट रात्री दोनला.'

'७. नुसती भुरभुर. औषध मारलेलं वाया.'

'५३. ओढ्याला पाणी, लेकरं शाळेला गेली नाहीत.'

'० . आज गटाची बैठक.'

पाऊस शून्य असला तरी शून्य लिहायचं, हे बायकांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पडलाच नाही तर लिहायचं काय? पण खंड किती दिवसांचा होता ते शून्यांवरूनच कळतं, आणि आमच्याकडची अर्धी पिकं खंडातच जातात. आता त्या शून्य लिहितात, फार दिवस झाले की कंसात दिवस मोजतात.

मिलिमीटर म्हणजे नेमकं किती, हे सांगताना एका बैठकीत गंमत झाली. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतलं की एक मिलिमीटर थर होतो. एवढं सांगून मी फळ्यावर गुंठा मांडला. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेव्हा ६५ मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर साडेसहा हजार लिटर पाणी पडतं. एकरात चाळीस गुंठे. एक काकू बोटांवर हिशेब करत होत्या, त्यांचं उत्तर माझ्या आधी आलं: "दोन लाख साठ हजार. म्हणजे दहा हजाराचे सव्वीस टँकर." खोलीत एकदम गलका झाला. टँकर हे आमच्याकडचं खरं माप आहे. २०१६ साली ज्यांनी हंडे रांगेत लावले त्या सगळ्या तिथं बसलेल्या होत्या. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, सगळ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. तिच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं ५ लाख लिटर. मी म्हटलं, दोन एकरावर एका दिवसात पासष्ट पडला की ती अख्खी रेल्वे तुमच्या रानात आली समजा. त्यावर मागून आवाज आला, "आली, आणि माती घेऊन गेली."

त्या बैठकीनंतर ऑफिसला मी अहवाल पाठवला तेव्हा 'सहभागींची संख्या' आणि 'साध्य' असे रकाने होते. सव्वीस टँकरचं कुठं लिहावं ते मला कळेना. शेवटी 'इतर' मध्ये लिहिलं.

वहीचा पहिला उपयोग नुकसानीसाठी झालाच नाही, पेरणीसाठी झाला. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. रेडिओवर सांगतात, व्हॉट्सॲपवर येतं. पण आपल्या रानात किती झाला हे कुणाला ठाऊक? लोक वीतभर ओल बघतात, शेजाऱ्यानं चाड्यावर मूठ धरली की आपणही धरतात. मग उगवण झाली की पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं दुसऱ्यांदा. जिच्या अंगणात माप आहे ती आता बेरीज करून सांगते, बेचाळीस झालाय, थांबा. एका घरात सासरे आधी या बाटलीची फार टिंगल करायचे. गेल्या जूनमध्ये ते स्वतः विचारायला येत नव्हते, पण सकाळी सकाळी नातवाला पाठवायचे, "आईला इचार, किती झालाय." बाईनं मला हे सांगताना पदर तोंडाला लावला होता.

मग आला २०२५ चा सप्टेंबर.

त्याआधी एक सांगायला हवं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यात आमचा वाशी तालुका होता. त्या वर्षीच्या वहीची पानं शून्यांनी भरलेली आहेत. मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यावर आमचं सगळं गणित. दुष्काळाला दोन वर्षं होत नाहीत तोवर भूम-परंड्यात माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. २२ तारखेला घटस्थापना होती. तुळजापूरची वाट सगळ्या जिल्ह्याला त्या दिवशी लागलेली असते. बायांनी घटाची माती आणून ठेवली होती आणि बाहेर रानातली माती ओढ्यानं चालली होती. सीना, मांजरा, तेरणा, सगळ्या पात्र सोडून वाहत होत्या.

माझा फोन त्या रात्री सतत वाजत होता, चार्जिंग संपेपर्यंत. पण मला सांगायचंय ते एका वहीबद्दल. मांजरेच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या बाईच्या घरी जे माप आहे ते शंभर मिलिमीटरपर्यंतच दाखवतं. रात्री तिला वाटलं हे भरून वाहील. ती टॉर्च घेऊन उठली, डोक्यावर खताचं पोतं घेतलं, पातळी बघितली, ओतलं, परत ठेवलं आणि आत येऊन लिहिलं. सकाळी साडेआठला पुन्हा बघितलं. दोन आकडे एकाखाली एक, मध्ये 'रात्री १२.१०, ओतले', आणि खाली बेरीज. घरात पाणी शिरायच्या बेतात असताना. वहीला चिखलाचा अंगठा लागलाय. तिला कुणी असं करायला शिकवलं नव्हतं. माप भरून वाहिलं तर काय करायचं, हे आमच्या छापील सूचनापत्रकात नव्हतं. आता आहे.

त्या वेळी मंडळाच्या आकड्यावरून वादच उरला नाही, कारण जवळजवळ सगळीकडेच पासष्ट केव्हाच ओलांडला होता. वाद पुढं सुरू झाला.

पंचनामा तिघं मिळून करतात: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. (तिघांचीही पदनामं अलीकडे बदलली आहेत, पण गावात कुणी 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणताना मी ऐकलेलं नाही.) एकेका तलाठ्याकडे कितीतरी गावं, रस्ते वाहून गेलेले, पूल पाण्याखाली. त्यांच्याबद्दल ओरड करणं सोपं आहे, मी त्यांच्या मोटारसायकली चिखलातून ढकलताना पाहिल्यात. अडचण वेगळीकडे आहे. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवं. केंद्राच्या आपत्ती निधीचे निकष तेव्हा होते जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००. ऑक्टोबरमध्ये राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख, असं सांगितलं गेलं. पण हे सगळं सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. रान कसणारी, खुरपणारी, रात्री बाराला पाऊस मोजणारी बाई सातबाऱ्यावर बहुतेक वेळा नसतेच. सातबारा सासऱ्यांच्या नावे, सासरे वारलेले, वारसनोंद राहिलेली, दीर पुण्यात. ई-केवायसीला अंगठा कुणाचा द्यायचा? एका घरी पैसे खात्यात आले, खातं दिराचं, दीर फोन उचलेना.

नवऱ्यानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं, यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. शेतकरी संघटनेच्या आंदोलनातून ती आली. मी बैठकीत विचारते, कुणाकुणाचं नाव लागलंय? हात मोजायला एक हात पुरतो. म्हणून आता दर बैठकीत पाऊस झाला की सातबारा, असा आमचा क्रम आहे. मुंबईहून एकदा विचारणा झाली की हे हवामानाच्या कामात कसं बसतं. मी त्या रात्री बाराच्या नोंदीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की या बाईला मिळणारी मदत शून्य रुपये आहे. मग विचारणा झाली नाही.

विम्याचंही तसंच. एक रुपयात पीकविमा होता तेव्हा बहात्तर तासांत तक्रार नोंदवायची धावपळ असायची, आणि बायकांच्या वहीतली तारीख-वेळ तेव्हा फार कामाला यायची. २०२५ च्या खरिपापासून तो प्रकार गेला. आता पीक कापणी प्रयोगात, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून मोजल्यावर, मंडळाचं उत्पन्न किती निघालं, त्यावर भरपाई. म्हणजे तिथंही पुन्हा मंडळच.

मुंबईच्या लोकांवर मी टीका करते असं वाटू नये. वेगळ्या जगातली माणसं आहेत, पण कामाची. सलग पाच दिवस रोज किमान दहा मिलिमीटर पाऊस झाला तर 'सततचा पाऊस' ही आपत्ती धरायची, हा २०२३ मधला निर्णय त्यांनीच शोधून माझ्याकडे पाठवला. पासष्ट एकदाही न होता पीक सडून जातं, त्या गावांसाठी हा निर्णय सोन्यासारखा आहे, आणि आमच्या वह्यांत सलग दिवसांची नोंद आधीपासून होतीच. मी एकटी कळंबात बसून हा कागद शोधू शकले नसते.

आमचं जमत नाही ते गोष्टींवरून. दर वर्षी जागतिक हवामान परिषद जवळ आली की मेल येतो: एखादी हृदयस्पर्शी कहाणी हवी, दोन मिनिटांचा व्हिडिओ, शक्यतो स्त्री शेतकरी, शक्यतो वाळलेल्या किंवा बुडालेल्या शेतात. बायकांना मी हा मेल वाचून दाखवते. त्यांचा आक्षेप रडण्यावर नसतो, रडायला काय, रोजच येतं. आक्षेप कपड्यांवर असतो. चांगलं पातळ नेसून ये म्हणत नाहीत, फाटकंच बरं म्हणतात, हे काय? २०२२ मध्ये इजिप्तच्या परिषदेत 'लॉस अँड डॅमेज' निधीचा, म्हणजे हवामान बदलानं झालेल्या नुकसानीसाठीच्या निधीचा, निर्णय झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो कामाला लावला, हेही मी सांगितलं. लगेच प्रश्न, तो पैसा तहसीलला कधी येतो? मला सांगावं लागलं की तो देशांच्या पातळीवरचा हिशेब आहे, आपला पंचनामा तिथवर जात नाही. "मग आमचा व्हिडिओ कसा जातो?" मी या प्रश्नाचं उत्तर अजून देऊ शकलेले नाही. मेलला उत्तर म्हणून वहीची पानं पाठवली, भाषांतरासह. पहिल्यांदा ती 'दृश्यदृष्ट्या कमजोर' ठरली. नंतर दिल्लीच्या एका बैठकीत कुणीतरी तीच पानं मोठी करून लावली, आणि तेव्हापासून ऑफिस माझ्याकडे वह्याच मागतं. निदान फाटकं पातळ तरी मागत नाही.

पवनचक्क्यांबद्दल लिहू की नको असं झालं होतं, पण टाळणं बरं दिसणार नाही. आमच्या बालाघाटच्या पठारावर, वाशी-भूमकडे, पवनचक्क्या भराभर उभ्या राहतायत. कोळसा कमी व्हायला हवा, वारा-ऊन वाढायला हवं, हे मी नोकरी म्हणून बोलते आणि मनापासून मानते. पण तारा ज्याच्या रानावरून गेल्या त्याला विचारलं तर करारात काय होतं आणि हातात काय आलं, याची वेगळीच कथा निघते. रस्ता आखला एकीकडून, मोठ्या गाड्या गेल्या दुसरीकडून, बांध मोडले. एका बैठकीत एक जण उभा राहिला, "ताई, तुमी वाऱ्याच्या बाजूनं का आमच्या?" मी म्हटलं, वाऱ्याच्या बाजूनं, आणि तुमचा करार मराठीत वाचून दाखवायच्या बाजूनंही. तो खाली बसला नाही. त्याचं समाधान झालं नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं. करार वाचायला वकील मिळवून देणं हे आता आमच्या कामाच्या यादीत आहे.

तर सध्या कुठवर आलंय ते सांगते. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत पाऊस मोजणारं स्वयंचलित यंत्र न्यायचं सरकारचं धोरण ठरलेलं आहे. ते आलं की आमच्या बाटल्यांचं काय, असं मला विचारतात. मला यंत्र हवंच आहे, त्यासाठीच एवढा खटाटोप. काही गावांनी ग्रामसभेत ठराव घेतलेत, आणि त्यातल्या दोन ओळी बायकांनी घातल्या आहेत, माझ्या नाहीत. एक: यंत्र कुठं बसवायचं ती जागा ग्रामसभा ठरवेल. ग्रामपंचायतीच्या आवारात लिंब आहे आणि सगळ्यांना तिथंच बसवायची घाई असते, म्हणून. दोन: यंत्राशेजारी एक साधं माप राहील आणि त्याची नोंद गटाची बाई ठेवेल, यंत्र बंद पडलं तर वही चालू असावी. ठराव तहसीलला दिलेत. पोच मिळाली आहे, शिक्क्याची. पुढचं उत्तर 'कार्यवाहीस्तव सादर' या टप्प्यावर आहे, मी दर पंधरवड्याला जाऊन विचारते. तिथले कारकून आता मला बघितलं की आधी पावसाचाच आकडा विचारतात.

घरच्या वहीला अजून शासनमान्यता नाही, हेही स्पष्ट सांगते, कारण काही जणी त्या आशेनं लिहितात असं मला वाटतं. मंडळाचा आकडा आणि गावाचा आकडा यांत मोठा फरक पडला की तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी कळवायचं आणि पाहणी मागायची, एवढाच तिचा आजचा उपयोग. काही वेळा पाहणी होते, काही वेळा नाही.

एक काम वाचणाऱ्यांसाठी. आमच्या वह्या अलीकडच्या आहेत, आणि चार वर्षांच्या नोंदीवरून कुणी आपल्याला पाऊस बदललाय असं म्हणू देत नाही. जुन्या नोंदी गावोगावी आहेत, मला खात्री आहे. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात, जुन्या शाळांच्या दप्तरात, तलावावरच्या चौकीदाराकडे, किंवा थोरल्या काकूंसारखं कुणाच्या पंचांगाच्या समासात. बीड, लातूर, धाराशिवकडं कुणाच्या घरी असं काही असेल, पेन्सिलीच्या फुल्या असल्या तरी चालतील, तर मला कळवा. मी येऊन बघेन, जागेवरच फोटो काढून घेईन. वही तुमच्या घरातच राहील. फक्त पावसाळ्यात यायला जमणार नाही, तेव्हा साडेआठ ते अकरा मी फोनवर असते.